पडद्यावरची इडालिना

"आधी नाव लिही. घाई नको. पडदा पळून जात नाही आणि तूही कुठं जात नाहीस. नाव लिहिलंस की तो तुला ओळखतो. मग तो विचारत जातो, आपण सांगत जायचं. एवढंच आहे गं, बाकी सगळा बाऊ."

इडालिनाचा हा आवाज रोज सकाळी ग्रासिंदाच्या कानाशी येई. बुचांच्या कारखान्यात, निवडीच्या लांब खोलीत, यंत्र सुरू व्हायच्या आधी ती पडद्यासमोर उभी राही, ॲप्रनला हात पुशी आणि एका बोटाने नाव लिही. स्वतःचं नव्हे. इडालिना, असं लिही. मग इडालिनाचा खुणेचा आकडा. पडदा क्षणभर काळा राही आणि त्यावर निळी अक्षरं उमटत: बों दिया, इडालिना.

इडालिना हिवाळ्याच्या शेवटी, फुप्फुसात पाणी होऊन वारली होती. आता शरदातले चेस्टनट भाजायचे दिवस जवळ आले होते, आणि पडदा अजून तिलाच सुप्रभात म्हणत होता.

पूर्वी या खोलीत पडदा नव्हता. सरकत्या पट्ट्यावरून बुचं येत आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बाया ती तांदूळ निवडावेत तशी निवडत. चिरलेलं बाजूला, किडकं बाजूला, बंद अंगाचं गुळगुळीत असेल ते महागाच्या वाइनच्या बाटलीसाठी. हात चालत, तोंडंही चालत. मग कॅमेऱ्याचं यंत्र आलं. ते दर बुचाला सगळ्या अंगांनी पाहून घेई आणि वाऱ्याच्या फुंकरीने ज्याच्या त्याच्या पिंपात उडवी. ज्या बुचाविषयी त्याला शंका येई ते तेवढं पडद्यावर मोठं करून दाखवी आणि विचारी, हे कोणत्या प्रतीचं? तिथं माणूस लागे. पण ते माणूस शिकलेलं हवं, परीक्षा दिलेलं हवं, आपल्या नावाने पडद्यासमोर उभं राहणारं हवं.

त्यासाठी ब्रसेल्सच्या पैशातून वर्ग निघाले. साठीकडे झुकलेल्या बायांनाही संगणक यायला हवा, नाहीतर उद्याच्या कामात युरोप मागे पडेल, असं भिंतीवरच्या रंगीत कागदावर छापलं होतं.

"युरोप माझ्यासाठी थांबलाय होय?" झुल्मिरा म्हणाली. या बाईच्या जिभेला हाड नव्हतं आणि मनात पाप नव्हतं. "मग बसू दे त्याला जरा. माझं सूप चुलीवर आहे."

सगळ्या हसल्या, आणि एकटी इडालिना वर्गाला गेली. ती पास झाली. तेव्हापासून सकाळी तिने आपल्या नावाने पडदा उघडायचा आणि दिवसभर आळीपाळीने सगळ्यांनी बोट दाबायचं, अशी रीत पडली. मुकादम सेन्योर अबीलियु हे पाहत होते आणि पाहत नव्हते. पिंपं भरत होती, वरच्यांना तेवढंच हवं होतं.

इडालिनाला इस्पितळात नेलं त्याच रात्री ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा कोण उघडणार, असा प्रश्न पडला. ग्रासिंदा पुढे झाली आणि तिने इडालिनाचं नाव लिहिलं. बों दिया, इडालिना, असं उमटलं तेव्हा साऱ्या जणींनी छातीवर क्रूस केला आणि कामाला लागल्या. इतक्या लवकर तिचं नाव पुसायचं कुणाच्याच जिवावर आलं नाही. नाव घेतलं जातंय तोवर आत्म्याला सोबत असते, असं त्या गावात म्हणतात, म्हणून तर मेलेल्याचं नाव प्रार्थनेत वाचून घ्यायला माणसं पाद्रीबाबांच्या मागे लागतात. हे यंत्रही रोज नाव घेतंच आहे की, असं बायांनी मनाशी म्हटलं. त्यात आपलं काही चुकतंय असं कुणाला वाटलंच नाही.

ग्रासिंदाला वाटत होतं. कारण तिने वचन दिलं होतं.

ग्रासिंदाच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी इडालिनाने हातांवर धरलं होतं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत, आणि सख्ख्या बहिणींत असणार नाही इतकं त्यांचं एकमेकींवाचून अडे. इस्पितळात, नाकाला नळी लावलेली असताना, इडालिनाने तिला जवळ ओढून आपला आकडा सांगितला आणि म्हणाली, "ऐक कोमाद्रे. तुम्ही माझ्या नावाने यंत्र चालवाल, मला ठाऊक आहे. चार दिवस चालवा. पण मग तू परीक्षा दे, तुझ्या नावाने उभी राहा आणि मला तिथून मोकळी कर. मला तिथं उभी ठेवू नकोस. फार वर्षं उभी राहिले गं मी."

"बरी होऊन तूच येशील."

"वचन दे."

"दिलं."

"आणि माझं स्टूल झुल्मिराला देऊ नका. मोडेल." असं म्हणून ती हसली, आणि त्या हसण्याने तिला इतका खोकला आला की नर्सने ग्रासिंदाला बाहेर काढलं.

ते चार दिवस संपले, उन्हाळा संपला, द्राक्षं उतरली. वचन तसंच राहिलं. पहिल्यांदा भीती होती. आपल्या नावाने परीक्षेच्या सरावाचा पहिला धडा उघडला की ग्रासिंदाची बोटं आंबून जात, अक्षरं दिसत पण वाचता येत नसत. मग तिने एका दुपारी, बाकीच्या जेवायला गेल्या असताना, इडालिनाच्या नावाने तोच धडा उघडला. हात आपोआप चालले. दुसराही झाला. हळूहळू सगळे झाले. शिकली ग्रासिंदा, आणि नावावर चढलं इडालिनाच्या.

पुढे कारण वेगळं झालं.

यंत्र ज्याच्या नावाने उघडलं असेल त्याच्या जुन्या निवडी ध्यानात ठेवी, आणि शंकेच्या बुचाखाली बारीक अक्षरांत आठवण देई. एकदा पडद्यावर एक बूच आलं, वरून निर्मळ, पण कडेला हिरवट झाक असलेलं. इतकी पुसट, की ग्रासिंदाला ती आधी दिसलीच नाही. इडालिना अशी बुचं उचलून नाकाशी धरायची आणि म्हणायची, याला तळघराचा वास येणार बघ, वाइन नासवेल हे. पडद्याखाली अक्षरं आली: इडालिना, तुम्ही असं बूच सहसा बाहेर काढता.

ग्रासिंदाने ते पुन्हा वाचलं. तिने बूच बाहेर काढलं. त्या दिवसापासून ती पडद्यासमोर काम करीत नसे, ऐकत असे.

दोघींत वर्षानुवर्षं एकाच बुचावरून वाद होता. ज्याच्या अंगावर तपकिरी कडं असतं ते. इडालिना ते तिसऱ्या प्रतीत टाकी. ग्रासिंदा म्हणे, अगं ती जन्मखूण आहे, दोष नव्हे, दुसऱ्यात चालेल. आता तसं बूच आलं की खाली उमटे: तुम्ही सहसा तिसऱ्या प्रतीत टाकता. ग्रासिंदाने एकदा मुद्दाम दुसरी दाबली. नक्की?, असं पडद्याने विचारलं. इडालिनाही अशीच विचारायची, एक भुवई वर करून. ग्रासिंदाने निमूटपणे तिसरी दाबली आणि तिला इतकं बरं वाटलं, की पुढे ती कधी वादाला उभीच राहिली नाही.

कारखान्याच्या वाटेवर, वळणाला, दगडात कोरलेला एक कोनाडा आहे. त्यात निळ्या फरशीवर चितारलेले, स्वर्गाच्या वाटेवर अडकलेले आत्मे आहेत, कमरेपर्यंत ज्वाळांत उभे, हात वर केलेले. येणाऱ्याजाणाऱ्याकडून एक प्रार्थना मागत ते तिथं उभे असतात. लग्न होऊन या गावात आल्यापासून ग्रासिंदाचा नेम होता. पाऊस असो, ताप असो, जाताना तिथं थांबायचं, 'आमच्या स्वर्गातल्या बापा' म्हणायचं, मग पुढं जायचं. तो नेम तिने एकदाही चुकवला नव्हता. पण हल्ली ती खाली मान घालून प्रार्थना म्हणे. कडेच्या बाईचा चेहरा तिला बघवत नसे. चितारणाऱ्याने तिला काही फार नाकडोळे दिले नव्हते, एक रेघ तोंडाची, दोन ठिपके डोळ्यांचे. तरी ती काय म्हणतेय ते ग्रासिंदाला कळे. उभी ठेवू नकोस.

रविवारी देवळात पाद्रीबाबा गावातल्या मृतांची नावं वाचत आणि म्हणत, प्रभो, यांना चिरविश्रांती दे. सगळे आमेन म्हणत. ग्रासिंदाच्या ओठांतून ते निघत नसे. उद्या सकाळी इडालिना कुठं असणार आहे ते तिला ठाऊक होतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस कारखान्यात सूचना लागली. दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसापासून यंत्रासमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकीपाशी स्वतःची परीक्षा आणि स्वतःचं नाव हवं. ज्यांच्यापाशी नसेल त्यांनी घरी बसावं. आठवडाभर वर्ग होता, शनिवारी परीक्षा. शिकवायला शहरातून तेल्मा नावाची एक तरुण बाई आली, केस घट्ट बांधलेली, आवाज मऊ. देवळामागच्या सभागृहात तिने लांब टेबलांवर संगणक मांडले आणि आपल्या पडद्यावर पाहत विचारलं, "दोना इडालिना कोण तुमच्यातल्या?"

बाया आपापल्या ॲप्रनच्या गाठी सारख्या करू लागल्या.

"रोज हजर. सरावाचे सगळे धडे पुरे. या भागात एवढं नेटकं काम दुसऱ्या कुणाचंच नाही. मी तर म्हणत होते, त्याच तुम्हाला शिकवतील आणि मी बसून कॉफी पिईन."

"ती हल्ली फारशी बाहेर पडत नाही, मेनीना," झुल्मिरा तिला पोर समजून म्हणाली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच तोंडावर हात धरला. तेल्माने सगळ्यांकडे पाहिलं. तिला काहीतरी कळलं, पण काय ते कळलं नाही. ती म्हणाली, "बरं. मग आपणच सुरू करू. आधी आपापलं नाव लिहा."

ग्रासिंदाने लिहिलं. बों दिया, ग्रासिंदा, असं आलं. परक्याच्या घराचं दार चुकून उघडावं तसं तिला झालं. पहिलंच बूच समोर आलं आणि त्याखालची जागा कोरी होती. तिने वाट पाहिली. कोरीच राहिली. शेवटी यंत्रानेच लिहिलं, वेळ संपली. पुढचं बूच आलं, तेही तसंच गेलं.

शेजारी झुल्मिरा कोंबडीने दाणे टिपावेत तशी बोट मारत होती. तिला सात-आठ बरोबर आली. "झालं," ती म्हणाली, "आता युरोप निवांत झोपेल." मग ग्रासिंदाच्या पडद्याकडे बघून ती हळूच वाकली. "काय गं? तुला तर सगळं येतं. दुपारी दुपारी एकटी बसून काय करतेस ते आम्हाला ठाऊक नाही असं वाटलं का?"

"मला येत नाही," ग्रासिंदा म्हणाली. "तिला येतं."

झुल्मिराने आपल्या पिशवीतला मक्याच्या पावाचा तुकडा काढून ग्रासिंदाच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "खा. उपाशीपोटी माणसाला काहीही दिसतं."

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर ग्रासिंदा मागे राहिली. तेल्मा तारा गुंडाळत होती. ग्रासिंदाने ॲप्रनची कड बोटांत धरली आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. इस्पितळ, आकडा, वचन, वाटेवरच्या कोनाड्यातली बाई, सगळं. तेल्मा खुर्चीवर बसली.

"दोना ग्रासिंदा, सोमवारी दुपारी मला सगळी नावं वर पाठवायची आहेत. देवाघरी गेलेल्या बाईला हजर दाखवणं मला जमणार नाही. आणि खरं लिहिलं, तर सेन्योर अबीलियुंचं काम जाईल. तुमचंही जाईल बहुतेक."

"ते नाव बंद झालं तर?"

"तर बंद म्हणून लिहीन. उशीर का झाला असं कुणी विचारलं तर मात्र खोटं बोलणार नाही."

"तूच कर ना बंद, मेनीना. तुझे हात सराईत आहेत."

"इथून होत नाही. त्याच यंत्रावर, परीक्षा पास झालेल्या बाईने आपल्या नावाने शिरायचं आणि जुनं नाव बंद करायचं. करायला काही नाही. एकदा दाबायचं, तो विचारेल नक्की का, परत दाबायचं."

ग्रासिंदाने ॲप्रनची कड सोडली. मग म्हणाली, "आणि ते खाली जे लिहून येतं? तुम्ही सहसा असं करता, तसं करता?"

"ते नावाबरोबर जातं."

"सगळं?"

"सगळं." तेल्माने गुंडाळलेली तार मांडीवर ठेवली. "माझे वडील गेले, त्यानंतर मी त्यांच्या नंबरवर फोन करीत असे. उचलणारं कुणी नाही हे माहीत होतं, तरी वाजतंय एवढं ऐकायची. एक दिवस एका माणसाने उचलला. तो नंबर त्याला दिला होता."

"मग?"

"म्हणाला, बाई, चुकीचा नंबर लागला. चांगला होता बिचारा. मी रडले तर फोन ठेवला नाही त्याने."

दोघी मिळून सभागृह झाडून निघाल्या.

शनिवारी परीक्षेला ग्रासिंदा सकाळचं प्रार्थनेचं पुस्तक पिशवीत घालूनच गेली. बोटं आंबायला लागली. मग तो आवाज आला, आधी नाव लिही, घाई नको, आणि आज पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं, की इडालिना हे सांगत होती तेव्हा तिच्या शेजारी उभी होती आणि ग्रासिंदालाच सांगत होती. नाव लिही म्हणजे ग्रासिंदाचंच नाव. दुसरं कुठलं असणार?

तिने लिहिलं. बुचं येऊ लागली. चिरलेलं, तिने दाबलं. किडकं, दाबलं. खालची जागा कोरी होती आणि तिला तिकडे बघायला सवड नव्हती. हिरवी झाक असलेलं एक आलं, आणि ती आता तिच्याच डोळ्यांना दिसली. मग ते आलं, तपकिरी कड्याचं.

ती थांबली. सवयीने खाली पाहिलं. काहीच नव्हतं. खोलीत चौदा-पंधरा बाया होत्या, खुर्च्या करकरत होत्या, तरी तिला इतकी सामसूम कधी जाणवली नव्हती. वेळ सरत होती. तिने दुसरी प्रत दाबली.

नक्की?, असं पडद्याने विचारलं. हे तो कुणालाही विचारतो.

"नक्की," ग्रासिंदा मोठ्याने म्हणाली.

"कुणाशी बोलतेस गं?" पलीकडून झुल्मिरा कुजबुजली.

"कुणाशी नाही."

ती पास झाली. झुल्मिराही झाली, आणि बाकीच्याही, एक वगळून, जिला तेल्मा पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवणार होती. बायांनी कॉफी केली, कुणीतरी केक आणला होता. ग्रासिंदाने एक घोट घेतला. मग कप तसाच ठेवून ती घरी निघाली.

रविवारी, सकळ संतांच्या सणाला, सारं गाव दफनभूमीत होतं. बादल्या, ब्रश, शेवंतीच्या जुड्या. ग्रासिंदाने इडालिनाच्या दगडावरचं शेवाळ घासून काढलं, अक्षरांत साचलेली माती हेअरपिनने कोरून काढली, पांढरी शेवंती मांडली. लोक येत होते, नमस्कार करीत होते, हवापाण्याचं बोलत होते. सेन्योर अबीलियु टोपी हातात घेऊन आले. त्यांना तेल्माने सांगितलं असावं किंवा नसावं. ते म्हणाले, "उद्या मी दार जरा लवकर उघडतो, दोना ग्रासिंदा. लागलं तर."

"लागेल," ती म्हणाली.

ते गेल्यावर ती दगडापाशी गुडघे टेकून बसली. बोलायला म्हणून खूप काही आणलं होतं तिने मनात. त्यातलं एकच निघालं. "कोमाद्रे, तपकिरी कडं दुसऱ्या प्रतीत चालतं," ती म्हणाली, आणि तिला एकाच वेळी हसू आलं आणि रडू आलं. वाऱ्याने शेवंती हलली. नक्की का, असं कुणी विचारलं नाही.

सोमवारी, मृतांच्या दिवशी, ती उजाडायच्या बेताला उठली. देवापाशी तेलाची वात लावली, रात्रीचं सूप गरम करून दोन चमचे घेतलं, वाडगा धुऊन पालथा घातला. ॲप्रन अंगावर चढवला. आज त्याच्या खिशात काही घालायचं नव्हतं. इडालिनाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी तिने कधी केलीच नव्हती, तो पाठ होता, आणि आजच्यानंतर तो कुठंच लागणार नव्हता. तरी दाराला कडी घालताना तिने तो एकदा मनात म्हणून पाहिला, विसरणार नाही याची खात्री करावी तसा.

वाटेवर धुकं होतं. वळणाला कोनाड्यातली पणती कुणीतरी आधीच लावून गेलं होतं. ग्रासिंदा थांबली. आज तिने मान खाली घातली नाही. कडेच्या बाईकडे नीट पाहिलं, तोंडाची रेघ, डोळ्यांचे ठिपके, वर केलेले हात. मग हात जोडून तिने नेमाची प्रार्थना म्हटली, सावकाश, एकही शब्द न गाळता, आणि शेवटी आमेन म्हणाली.

खाली उतारावर कारखान्याचं दार उघडल्याचा आवाज झाला. आत निवडीच्या खोलीतला एकच दिवा लागला.

ग्रासिंदाने रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला आणि ती त्या दिव्याच्या रोखाने उतार चालू लागली.